सरपंच, सदस्य किंवा नगरसेवक यांच्याविरुद्ध तक्रार: अर्जापासून निकालापर्यंत

गावोगावच्या लोकांना तक्रारअर्ज लिहिण्यास मदत करण्याचे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे. काही वर्षांपूर्वी शेजारच्या तालुक्यातील एक वयस्क शेतकरी स्वहस्ते लिहिलेली अकरा पानी तक्रार घेऊन माझ्याकडे आले होते. सरपंचांनी रस्ता अर्धवट सोडला, ग्रामसभेत बोलू दिले नाही, भावकीतल्या माणसाला घरकुल दिले, चौकात शिवीगाळ केली, घरपट्टी थकवली आणि गायरानात पत्र्याचे शेड उभे केले, असे सगळे त्यात एकापाठोपाठ एक लिहिलेले होते. हा एकच अर्ज त्यांनी मुख्यमंत्री, पालकमंत्री, जिल्हाधिकारी, तहसीलदार, गटविकास अधिकारी आणि पोलीस निरीक्षक अशा सहा ठिकाणी रजिस्टर पोस्टाने पाठवला होता. प्रत्येक कार्यालयाने त्यावर ‘उचित कार्यवाहीस्तव अग्रेषित’ असा शेरा मारून तो खालच्या कार्यालयाकडे दिला, आणि आठ महिन्यांनी त्याची एक प्रत ग्रामपंचायतीच्याच आवक नोंदवहीत येऊन पडली. ज्यांच्याविरुद्ध तक्रार होती त्यांच्याच टेबलावर तक्रार पोहोचली आणि त्या गृहस्थांना गावात राहणे अवघड झाले.

त्या अकरा पानांतली प्रत्येक गोष्ट कदाचित खरी असेल. परंतु त्यात सहा निरनिराळ्या तक्रारी होत्या आणि त्या सगळ्या एकाच अधिकाऱ्याकडे नेण्याजोग्या नव्हत्या. लोकप्रतिनिधीच्या वर्तनाची चौकशी कोणत्या अधिकाऱ्यापुढे, कोणत्या कलमाखाली आणि कोणत्या पुराव्यावर होते हे आधी समजून घेतले, तर एका पानाचा अर्जही पुरतो. पुढील माहिती महाराष्ट्रापुरती आहे. ग्रामपंचायतीविषयी ती अधिक विस्ताराने दिली आहे, कारण पहिल्यांदा तक्रार करणारे बहुतेक लोक तेथूनच येतात. नगरपरिषद आणि महानगरपालिका यांच्याविषयी आवश्यक तेवढे पुढे सांगितले आहे.

पहिली पायरी: तक्रार कोणत्या जातीची आहे ते ठरवणे

अर्ज लिहायला बसण्यापूर्वी आपल्या तक्रारीतील प्रत्येक मुद्दा कोऱ्या कागदावर स्वतंत्र ओळीत लिहावा आणि प्रत्येक ओळीपुढे पुढील चारपैकी कोणता शब्द लागू पडतो ते लिहावे: अपात्रता, गैरवर्तन, गुन्हा किंवा नाराजी.

अपात्रता म्हणजे सदस्याच्या वर्तनाचा बरेवाईटपणा न पाहता, एखादी विशिष्ट गोष्ट घडली की कायद्याने त्याचे पद जाणे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ मध्ये अशा गोष्टींची यादी आहे. ग्रामपंचायतीच्या आदेशाने झालेल्या कामात किंवा ग्रामपंचायतीशी झालेल्या ठेक्यात सदस्याचा स्वतःचा अथवा भागीदारामार्फत, प्रत्यक्ष अथवा अप्रत्यक्ष हितसंबंध असणे, हे कलम १४(१)(ग) मध्ये येते. कराचे बिल रीतसर बजावल्यानंतर तीन महिन्यांत कर न भरणे हे कलम १४(१)(ह) मध्ये, १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे अपत्यांची संख्या दोनपेक्षा अधिक होणे हे (ज-१) मध्ये, आणि शासकीय जमिनीवर किंवा सार्वजनिक मालमत्तेवर अतिक्रमण करणे हे (ज-३) मध्ये येते. या प्रश्नांचा निर्णय कलम १६ नुसार जिल्हाधिकारी देतात.

गैरवर्तन हा शब्द व्यवहारात आपण सैलपणे वापरतो. कायद्यात मात्र तो पदाशी बांधलेला आहे. कलम ३९ मध्ये कर्तव्य पार पाडताना केलेले गैरवर्तन, लज्जास्पद वर्तन, कर्तव्यातील हयगय, कर्तव्य पार पाडण्यातील असमर्थता आणि कर्तव्यपालनात वारंवार केलेली कुचराई एवढी कारणे दिलेली आहेत. येथे पदावरून दूर करण्याचा अधिकार विभागीय आयुक्तांचा आहे.

लाच मागणे, मारहाण, धमकी, निधीचा अपहार, खोटे दस्तऐवज तयार करणे हे गुन्हे आहेत आणि त्यांचा तपास पोलीस किंवा लाचलुचपत प्रतिबंधक विभाग करतो. एकाच घटनेतून गुन्हा आणि गैरवर्तन असे दोन्ही उद्भवू शकतात; तसे असेल तर दोन ठिकाणी दोन स्वतंत्र अर्ज करावेत.

चौथा शब्द, नाराजी, लिहिताना मन घट्ट करावे लागते. आपल्या वस्तीऐवजी दुसऱ्या वस्तीत आधी काम केले, मासिक सभेत आपल्याला न पटणारा ठराव बहुमताने केला, फोन उचलला नाही, अशा गोष्टी मनाला लागतात हे मी जाणतो. तरीही त्या चौकशीचा विषय होत नाहीत. त्यांच्यासाठी ग्रामसभा आहे, सदस्यांच्या हातात अविश्वास ठराव आहे आणि आपल्या हातात मत आहे. हे मुद्दे अर्जात ठेवले की खऱ्या मुद्द्याची धार जाते आणि समोरच्या वकिलाला ‘हा अर्ज राजकीय द्वेषापोटी केलेला आहे’ असे म्हणायला आपणच वाव देतो.

आणखी एक भेद लक्षात ठेवावा. निवडणूकच बेकायदा झाली, मतमोजणीत चूक झाली, अशी तक्रार असेल तर ती वर्तनाची तक्रार नव्हे. तिच्यासाठी कलम १५ नुसार निकाल जाहीर झाल्यापासून १५ दिवसांच्या आत दिवाणी न्यायाधीशांकडे अर्ज करावा लागतो. ही मुदत गेली आणि मग तोच वाद जिल्हाधिकाऱ्यांपुढे वेगळ्या नावाने नेला, तर तो टिकत नाही.

दुसरी पायरी: कागद जमवणे

या पायरीवर मी सर्वांत अधिक वेळ घालवतो आणि इतरांनाही तेच सांगतो. कारण सांगण्यासाठी एक उदाहरण देतो. एका गावातील सदस्याची तीन वर्षांची घरपट्टी थकली होती. एका तरुणाने नमुना ९ ची, म्हणजे कर मागणी नोंदवहीची, प्रमाणित प्रत मिळवली. त्यात थकबाकीचे आकडे स्वच्छ दिसत होते. त्याने एवढ्याच कागदावर जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला. सुनावणीत सदस्याच्या वकिलांनी एकच प्रश्न विचारला, की बिल बजावल्याची पोच कोठे आहे. ग्रामसेवकांनी दप्तर उघडून बिलाची स्थळप्रत, म्हणजे कार्यालयात राहणारी प्रत, दाखवली. तिच्यावर रक्कम होती, तारीख होती, शिक्काही होता. फक्त बिल घेणाऱ्याच्या सहीची जागा मोकळी होती. कायदा कर थकवणे एवढेच पाहत नाही, बिल रीतसर बजावल्यापासून तीन महिने मोजतो. सही नाही, म्हणजे बजावणी सिद्ध नाही, म्हणजे तीन महिने कोणत्या दिवसापासून मोजायचे हे ठरत नाही. अर्ज फेटाळला गेला. त्या मोकळ्या जागेवर आधी नजर गेली असती, तर त्या तरुणाची दीड वर्षाची धावपळ वाचली असती.

म्हणून कलमातील प्रत्येक शब्दासमोर एक कागद हवा. कर थकबाकीसाठी नमुना ८ चा, म्हणजे कर आकारणी नोंदवहीचा, उतारा, नमुना ९ ची प्रत, बजावलेल्या बिलाची सहीसह स्थळप्रत आणि भरणा झाला असल्यास पावती पुस्तकाची प्रत मागावी. ठेक्यातील हितसंबंधासाठी कामाचा ठराव असलेले मासिक सभेचे इतिवृत्त, दरपत्रके किंवा निविदा, कार्यादेश, मोजमाप पुस्तिका आणि रक्कम दिल्याचे प्रमाणक मागावे. ग्रामपंचायतीने कोणाला किती रक्कम दिली याची बरीच माहिती ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर घरबसल्या दिसते, आणि नेमका कोणता कागद मागायचा हे त्यावरून ठरवता येते. अतिक्रमणासाठी जमिनीचा सातबारा किंवा गावठाणातील मिळकतीचा उतारा, गाव नमुना १-ई म्हणजे अतिक्रमणांची नोंदवही, आणि शक्य असल्यास भूमी अभिलेख विभागाने केलेल्या मोजणीचा नकाशा लागतो. मोबाईलवर काढलेला फोटो शेड दाखवतो, परंतु शेडखालची जमीन कोणाची आहे ते दाखवत नाही.

हे कागद माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली मागता येतात. अर्जाचे शुल्क १० रुपये आहे आणि दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला ते माफ आहे. महाराष्ट्रातील नियमांनुसार एका अर्जात एकच विषय असावा आणि मजकूर १५० शब्दांत असावा. ‘गेल्या दहा वर्षांतील सर्व कामांची माहिती द्यावी’ असे लिहिण्यापेक्षा ‘अमुक दिनांकाच्या मासिक सभेच्या इतिवृत्ताची प्रमाणित प्रत द्यावी’ असे लिहिले, तर नकार देणे अवघड होते. माहिती ३० दिवसांत मिळायला हवी. ती न मिळाल्यास किंवा अपुरी मिळाल्यास ३० दिवसांत प्रथम अपील करावे. प्रत नेहमी प्रमाणित मागावी. साध्या झेरॉक्सला सुनावणीत फारसे वजन नसते.

ध्वनिमुद्रण किंवा व्हिडिओ जोडायचा असेल तर तो ज्या मोबाईलवर मूळ स्वरूपात आहे तो मोबाईल जपून ठेवावा, आणि भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे लागणारे प्रमाणपत्र सोबत द्यावे. व्हॉट्सअॅपवर फिरून आलेला तुकडा कोणी मुद्रित केला हेच सांगता येत नसेल, तर तो न जोडलेला बरा.

तिसरी पायरी: अर्ज लिहिणे

अर्जाच्या वरच्या भागातच कलम लिहावे. ‘महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४(१)(ज-३) सह कलम १६ अन्वये अर्ज’ एवढी एक ओळ असली, की टपाल पाहणाऱ्या कारकुनाला तो कोणत्या शाखेकडे द्यायचा हे कळते आणि ‘उचित कार्यवाहीस्तव’चा फेरा टळतो. त्याखाली अर्जदाराचे नाव, गाव आणि तो कोणत्या प्रभागाचा मतदार आहे ते. नंतर ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे त्याचे नाव, पद आणि निवडून आल्याचा दिनांक. मग क्रमांक घालून एका परिच्छेदात एक वस्तुस्थिती, आणि प्रत्येक वस्तुस्थितीच्या शेवटी ती सिद्ध करणाऱ्या कागदाचा अनुक्रमांक द्यावा. शेवटी नेमकी मागणी लिहावी. ‘कठोर कारवाई व्हावी’ ही मागणी नव्हे; ‘सदर सदस्यास अपात्र घोषित करून पद रिक्त झाल्याचे जाहीर करावे’ ही मागणी आहे.

विशेषणे टाळावीत. भ्रष्ट, गुंड, लुटारू असे शब्द अर्जात आले तर काही सिद्ध होत नाही, आणि उद्या अब्रुनुकसानीची नोटीस आली तर तेच शब्द आपल्यावर उलटतात. निनावी किंवा खोट्या नावाने अर्ज करू नये. अर्जासोबत प्रतिज्ञापत्र जोडावे, जितके सामनेवाले, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध अर्ज आहे ते, असतील तितक्या जादा प्रती द्याव्यात, आणि आपल्या प्रतीवर कार्यालयाचा शिक्का, दिनांक व आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नये. पुढचे सगळे दिवस या आवक क्रमांकावरूनच मोजले जातात.

नवखे लोक बरेचदा लोकशाही दिनात किंवा आपले सरकार पोर्टलवर तक्रार नोंदवतात. रस्ता, पाणी, दाखले अशा कामांसाठी ती ठिकाणे उपयोगी आहेत. पद घालवण्याचा निर्णय मात्र दोन्ही बाजू ऐकून द्यायचा अर्धन्यायिक निर्णय असतो, आणि लोकशाही दिनाच्या नियमांत न्यायप्रविष्ट व अपिलाची प्रकरणे स्वीकारली जात नाहीत. तेथून अर्ज परत आला म्हणजे तक्रार खोटी ठरली असे समजू नये. अर्ज योग्य कार्यालयात दाखल करावा.

चौथी पायरी: जिल्हाधिकाऱ्यांपुढील सुनावणी

कलम १६ मधील एक शब्द फार मोलाचा आहे. अपात्रतेचा प्रश्न जिल्हाधिकारी स्वतःहून उपस्थित करू शकतात किंवा ‘कोणत्याही व्यक्तीने’ केलेल्या अर्जावरून तो निर्णयासाठी घेऊ शकतात. म्हणजे अर्ज करण्यासाठी पराभूत उमेदवार असावे लागत नाही, विरोधी गटाचा सदस्य असावे लागत नाही. शेतमजूर, विद्यार्थी, गृहिणी कोणीही तो करू शकते. हा अर्ज शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा त्याहून लांबतात, आणि निर्णय होईपर्यंत सदस्य पदावर राहतो, सभांना बसतो, मतही देतो. हे पाहून अर्जदाराचा धीर सुटतो. तो सुटू देऊ नये.

अर्ज दाखल झाल्यावर तो ग्रामपंचायत विवाद अर्ज म्हणून नोंदला जातो. सामनेवाल्याला नोटीस निघते. तो वकिलामार्फत किंवा स्वतः हजर होऊन लेखी म्हणणे देतो. मधल्या काळात जिल्हाधिकारी कार्यालय गटविकास अधिकारी, तहसीलदार किंवा भूमी अभिलेख कार्यालयाकडून स्थळपाहणीचा अहवाल मागवते. येथे अर्जदाराने जागरूक राहावे. पाहणीच्या दिवशी उपस्थित राहण्याची लेखी विनंती आधीच करून ठेवावी, पंचनाम्यात आपण काय दाखवले ते लिहून घ्यायला सांगावे, आणि अहवाल कार्यालयात पोहोचला की त्याची नक्कल मागून तो शांतपणे वाचावा. अहवालात चूक असेल तर त्यावर लेखी हरकत द्यावी. न्यायालयात पहिल्यांदाच बोललेली हरकत उशिराची ठरते. त्यानंतर युक्तिवाद होतो आणि प्रकरण निकालासाठी बंद होते. प्रत्येक तारखेला काय झाले हे रोजनाम्यात लिहिलेले असते, त्यामुळे आपली हजेरी त्यात नोंदली गेली की नाही ते पाहून मगच परतावे.

अतिक्रमणाच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने दोन दिशांनी दिलेले मार्गदर्शन तक्रारदाराने अवश्य समजून घ्यावे. १९ सप्टेंबर २०१८ रोजी जनाबाई विरुद्ध अपर आयुक्त या प्रकरणात न्यायालयाने असे ठरवले, की मूळ अतिक्रमण सदस्याने स्वतः केलेले नसले तरी कुटुंबातील व्यक्तीने केलेल्या अतिक्रमित जागेत तो राहत असेल आणि तिचा लाभ घेत असेल, तर तोही अपात्र ठरू शकतो. त्याआधी २०१७ मध्ये, केवळ मूळ अतिक्रमण करणाराच अपात्र ठरतो, असा अर्थ लावला गेला होता. तो न्यायालयाने मान्य केला नाही. यावरून कोणी असे समजू नये, की नातेवाइकाचे शेड दाखवले की काम झाले. २०२४ मध्ये जळगाव जिल्ह्यातील विचखेडे गावच्या महिला सरपंचांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. सासूसह शासकीय जमिनीवरील घरात राहतात असा आक्षेप घेऊन त्यांना अपात्र ठरवले गेले होते. न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि लोकांनी निवडून दिलेल्या महिलेला पदावरून काढण्याचा विषय अधिकाऱ्यांनी किती सहजपणे हाताळला, यावर तीव्र नापसंती नोंदवली.

या ठिकाणी मला मनापासून एक सांगायचे आहे. माझ्याकडे आलेल्या अर्जांपैकी कित्येक अर्ज राखीव जागेवरून निवडून आलेल्या महिलेविरुद्ध किंवा दलित सरपंचांविरुद्ध होते, आणि दोनचार प्रश्न विचारल्यावर लक्षात आले की खरा आक्षेप त्यांच्या कामावर नसून त्या खुर्चीत त्या बसल्या यावर आहे. असे अर्ज मी लिहून देत नाही. आपण ज्या सदस्याविरुद्ध कागद जमवत आहोत, त्याच निकषावर आपल्या गटातील सदस्यही तपासून पाहावा; तेथेही आपले उत्तर तेच येत असेल तर खुशाल अर्ज करावा.

पाचवी पायरी: कलम ३९ खालील चौकशी

गैरवर्तनाची तक्रार विभागीय आयुक्तांकडे जाते. कोकण, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती आणि नागपूर या सहा विभागांपैकी आपला जिल्हा ज्यात येतो तेथे अर्ज करावा. आयुक्त स्वतः गावात येऊन चौकशी करत नाहीत. त्यांच्या आदेशाने जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी, किंवा त्यांच्या निर्देशानुसार उपमुख्य कार्यकारी अधिकारी, चौकशी करतात. चौकशीपूर्वी ग्रामपंचायतीला आणि संबंधित व्यक्तीला रीतसर नोटीस द्यावी लागते, त्या व्यक्तीला आपली बाजू मांडण्याची वाजवी संधी द्यावी लागते, आणि मग अहवाल आयुक्तांकडे जातो. आयुक्त पुन्हा त्या व्यक्तीचे म्हणणे ऐकतात आणि निर्णय देतात. चौकशी अहवालासाठी एक महिना आणि अहवाल मिळाल्यापासून निर्णयासाठी एक महिना, अशी कालमर्यादा कायद्यात आहे.

गटविकास अधिकारी किंवा विस्तार अधिकारी गावात येऊन, चार जणांचे जबाब घेऊन, दप्तर पाहून जातात; ती प्राथमिक पाहणी असते. तिच्यावरच विसंबून कोणाला काढले, तर तो आदेश पुढे टिकण्याची शक्यता कमी असते, कारण कायद्याने चौकशीचा अधिकारी वेगळा सांगितला आहे. म्हणून तक्रारदारानेच हे पाहावे की चौकशी योग्य अधिकाऱ्याने केली, नोटीस बजावली गेली आणि सामनेवाल्याला कागद पाहायला मिळाले. समोरच्याला पुरेशी संधी मिळणे हे तक्रारदाराच्याच हिताचे आहे, ही गोष्ट लोकांना पटवून द्यायला मला सर्वांत अधिक वेळ लागतो.

ग्रामपंचायतीचा पैसा सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी, ज्यांना आपण अजूनही ग्रामसेवक किंवा भाऊसाहेब म्हणतो, या दोघांच्या संयुक्त जबाबदारीने खर्च होतो. त्यामुळे आर्थिक अनियमिततेच्या तक्रारीत कर्मचाऱ्याविरुद्ध मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे स्वतंत्र अर्ज करावा. कलम ३९ फक्त लोकप्रतिनिधीला लागू आहे. महिला सरपंचांच्या खुर्चीत पती किंवा मुलगा बसून कारभार पाहत असेल, तर नातेवाइकांच्या हस्तक्षेपाला शासनाने परिपत्रकाद्वारे मनाई केलेली आहे, तिचा उल्लेख करावा. मात्र अशा तक्रारीत त्या बाईंना घरातून किती मोकळीक आहे याचाही विचार करून, शक्य असेल तेथे आधी त्यांच्याशीच बोलावे.

याच कलम ३९ मध्ये ग्रामस्थांसाठी आणखी एक तरतूद आहे, जी फारच थोड्यांना ठाऊक असते. वार्षिक हिशेब आणि विकासकामांवरील खर्चाचा अहवाल ग्रामसभेपुढे ठेवला नाही आणि सूचनाफलकावरही लावला नाही, अशी तक्रार गावातील एकूण मतदारांपैकी किमान २० टक्के मतदारांनी केली, तर तिच्यावरून सरपंच व सदस्यांविरुद्ध कारवाई होऊ शकते. सह्या करणाऱ्यांनी आपली घरपट्टी आणि पाणीपट्टी भरलेली असली पाहिजे, त्यामुळे सह्या गोळा करण्यापूर्वी प्रत्येकाची पावती पाहावी.

आयुक्तांच्या आदेशाविरुद्ध १५ दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येते. ते ग्रामविकास विभागात मंत्र्यांपुढे चालते.

नगरपरिषद आणि महानगरपालिका

नगरपरिषद किंवा नगरपंचायत असेल तर १९६५ चा महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम लागू होतो. कलम ४४ खालील अपात्रतेचा निर्णय जिल्हाधिकारी देतात. या कलमात नगरसेवकाने, त्याच्या पतीने किंवा पत्नीने अथवा अवलंबून असलेल्या व्यक्तीने केलेले अनधिकृत बांधकाम हाही आधार आहे. अशा प्रकरणात नगररचना विभागाची नोटीस, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र यांच्या प्रती पुराव्याचा गाभा असतात. गैरवर्तनासाठी कलम ४२ खाली नगरसेवकाला आणि कलम ५५-अ खाली अध्यक्ष किंवा उपाध्यक्षांना दूर करण्याचा अधिकार राज्य शासनाचा, म्हणजे नगरविकास विभागाचा, आहे.

महानगरपालिकेत सामान्य नागरिकाची वाट अधिक अरुंद आहे. १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात नगरसेवकाचे पद गेले की नाही हा वाद न्यायाधीशांकडे निर्णयासाठी जातो, आणि तो पाठवण्याचा मार्ग नगरसेवक व आयुक्त यांच्यामार्फत आहे. मुंबईसाठी १८८८ चा स्वतंत्र अधिनियम आहे आणि तेथे हा प्रश्न लघुवाद न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांकडे जातो. म्हणून शहरातील नागरिकाने कागदांसह आयुक्तांना लेखी निवेदन द्यावे, त्याची प्रत आपल्या प्रभागातील इतर नगरसेवकांना द्यावी, आणि दखल घेतली गेली नाही तर उच्च न्यायालयात जाण्याविषयी वकिलांचा सल्ला घ्यावा. पक्षांतराची प्रकरणे १९८६ च्या वेगळ्या कायद्याखाली चालतात. त्यांचा या विषयाशी संबंध नाही.

लाच मागितली असेल तर

दाखल्यासाठी, नळजोडणीसाठी किंवा बिल काढण्यासाठी सदस्य पैसे मागत असेल, तर वरची कोणतीही पायरी चढत बसू नये. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा निःशुल्क क्रमांक १०६४ आहे. नगरसेवक हा लोकसेवक असतो हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये राजस्थानातील बांसवाडा येथील एका नगरसेवकाच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे, त्यामुळे ‘ते सरकारी नोकर थोडेच आहेत’ ही शंका मनात ठेवू नये. लेखी तक्रार घेतल्यावर विभाग पंचांसमक्ष आणि ध्वनिमुद्रकाच्या साह्याने मागणीची पडताळणी करतो, नंतर पावडर लावलेल्या नोटा देऊन सापळा रचतो. पैसे देण्यापूर्वी विभागाकडे जाणे महत्त्वाचे आहे, आणि या काळात तक्रारीची वाच्यता घरातही करू नये.

तक्रारदाराचे स्थान आणि निकालानंतर

रायगड जिल्ह्यातील उरण नगरपरिषदेच्या अध्यक्षांना पदावरून काढल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये दोन गोष्टी सांगितल्या, आणि त्या वर्तनाच्या प्रत्येक चौकशीला मार्गदर्शक आहेत. पहिली, लोकांनी निवडून दिलेल्या व्यक्तीला किरकोळ चुकांसाठी पदावरून दूर करता येणार नाही. आरोप गंभीर हवा, भक्कमपणे सिद्ध व्हायला हवा आणि नैसर्गिक न्यायाची तत्त्वे काटेकोर पाळली जायला हवीत. दुसरी, अशा चौकशीत तक्रारदार हा साक्षीदार असतो. वादातील प्रतिपक्ष म्हणून त्याला हक्क सांगता येत नाही. म्हणून चौकशी अधिकाऱ्यापुढे आपल्याला जे प्रत्यक्ष ठाऊक आहे तेवढेच सांगावे. ऐकलेली गोष्ट ऐकलेली म्हणूनच सांगावी. उलटतपासणीत एक अतिशयोक्ती उघडी पडली तर चार खऱ्या गोष्टी संशयात सापडतात.

गावात दबाव येतो हेही खरे आहे. नळ तोडणे, रस्ता अडवणे, भावकीकडून निरोप पाठवणे असे प्रकार घडले तर त्या त्या दिवशी पोलीस ठाण्यात लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी. सुनावणीला एकट्याने जाऊ नये. मूळ कागद घरात न ठेवता विश्वासू माणसाकडे ठेवावेत आणि सोबत फक्त प्रती न्याव्यात.

निकाल लागला की त्याच दिवशी प्रमाणित नकलेसाठी अर्ज करावा. जिल्हाधिकाऱ्यांच्या कलम १६ खालील निर्णयाविरुद्ध अपिलाची मुदत १५ दिवसांची आहे, आणि ते अपील विभागीय किंवा अपर आयुक्तांपुढे चालते. त्यानंतर उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. जिल्ह्यानुसार मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर येथे, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून पश्चिम महाराष्ट्र व दक्षिण कोकणातील काही जिल्ह्यांसाठी कोल्हापूर येथील सर्किट बेंचपुढे ती दाखल होते. निकाल आपल्या बाजूने लागला असेल तर समोरची व्यक्ती आपल्याला न कळवता स्थगिती मिळवण्याचा प्रयत्न करील हे गृहीत धरावे, आणि निकालाच्या आठवड्यातच अपिलीय प्राधिकरणापुढे व उच्च न्यायालयात कॅव्हेट दाखल करावे. त्यामुळे स्थगितीचा आदेश होण्यापूर्वी आपल्याला नोटीस मिळते. कॅव्हेटची मुदत ९० दिवस असते. तोवर अपील आले नाही, तर ते नव्याने दाखल करावे लागते.